जेटीपासून अठ्ठेचाळीस झाडं

मुबारकभाईंची रोपवाटिका विचुंब्याच्या रस्त्याला होती. हिरव्या जाळीखाली दोन गुंठे जागा, काळ्या पिशव्यांच्या रांगा, एका कोपऱ्यात शेणखताचा ढीग आणि दाराशी सोनचाफ्याची कलमं. आजूबाजूला रोज नवी इमारत उठत होती. त्या इमारतींत राहायला आलेली मंडळी रविवारी सकाळी यायची आणि एकच मागणी करायची, "काका, लवकर वाढणारं काहीतरी द्या ना."

मुबारकभाई हातातली खुरपी खाली ठेवून म्हणायचे, "लवकर वाढणारं पाहिजे तर गवत न्या."

गिऱ्हाईक रागवायचं, तरी परत यायचं. त्यांनी दिलेलं रोप सहसा मरत नसे.

असा माणूस वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कॉम्प्युटरवर झाडं लावायला बसला, हे मोहल्ल्यात कुणी खरं मानलं नसतं. पण तो खेळ त्यांच्या मुलाचा होता, आणि मुलगा लांब होता.

इमाद जहाजावर इंजिनखान्यात कामाला होता. आठ-दहा महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने पनवेलला. घरी असला की बाहेरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर ठोकळ्यांचा खेळ खेळत बसायचा. त्या खेळात सगळं जगच ठोकळ्यांचं. माती चौकोनी, पाणी चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. मुबारकभाई नमाजेहून आले की चहा पीत पाठीमागे उभे राहायचे आणि नाक मुरडायचे.

"हे झाड आहे?"

"झाडच आहे अब्बा."

इमादने झाडाचं खोड मधूनच तोडलं. वरचा शेंडा पडला नाही, तसाच हवेत लटकत राहिला. मग त्याने उरलेलं खोडही काढलं, तेव्हा पानं एकेक करून नाहीशी होऊ लागली आणि त्यांतून दोन इवलीशी रोपं खाली पडली. मुबारकभाईंनी कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं त्यांनी बियांना ऊब दिली होती, कलमांना पट्ट्या बांधल्या होत्या, आणि इथे झाड मरताना रोप देत होतं.

"याला खत काय घालतोस?"

"घालावं लागत नाही. हाडांचा चुरा टाकला तर मात्र झटकन वाढतं."

"हाडांचा चुरा?" मुबारकभाई जरा पुढे झुकले. "मग हे बनवणाऱ्याला अगदीच काही कळत नाही असं नाही."

"पाणीही नको. डोक्यावर मोकळी जागा हवी, उजेड हवा, आणि जवळपास कुणीतरी हवं."

"कुणीतरी म्हणजे?"

"खेळणारा माणूस. तुम्ही जिथे असाल तिथून थोड्या अंतरापर्यंतचीच झाडं वाढतात. त्यापलीकडची नुसती दिसतात, पण थांबलेली असतात. आणि खेळ बंद केला की सगळं जगच थांबतं."

त्या अख्ख्या खेळात ही एक गोष्ट मुबारकभाईंना पटली. आपट्याला त्यांच्या वडिलांची वाडी होती, पाताळगंगेच्या काठी. वडील गेल्यावर तिथे कुणी राहिलं नाही, आणि दहा वर्षांत वाडीची रया गेली. पाणी होतं, माती तीच होती. माणूस तेवढा नव्हता.

इमादचा जिवलग दोस्त जीवन कोळी. उरणजवळच्या मोऱ्याचा, इमादच्याच जहाजावर काम करणारा. सुट्टीत तो पनवेलला दोन-दोन दिवस मुक्काम ठोकायचा. चार चमचे साखरेचा चहा प्यायचा आणि घर डोक्यावर घ्यायचा. त्याला एक विचित्र खोड होती. इमाद त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेला की जीवन म्हणायचा, "तू आता येकटा जाशील? चल, तुला घरी सोडतो." आणि परत दारापर्यंत यायचा. मग इमाद पुन्हा त्याला सोडायला निघायचा. जमिलाबी, म्हणजे इमादची आई, शेवटी ओरडायच्या, "अरे, एकाने तरी एकाला जाऊ द्या!"

खेळात दोघांनी मिळून एक गाव वसवलं होतं. इमादचं घर टेकडीवर. दूर समुद्राकाठी जीवनने हुबेहूब मोऱ्याची जेटी बांधली होती. जेटीपासून दोन रस्ते फुटत होते. एक सरळ टेकडीवर इमादच्या घराकडे. दुसरा किनाऱ्याने उजवीकडे, जीवनच्या झोपडीकडे. दोन हजार बाराच्या मार्चमध्ये, जहाजावर जायच्या आधीच्या आठवड्यात, दोघांनी दोन्ही रस्त्यांच्या कडेला रोपं लावली. इमादच्या रस्त्याला अठ्ठेचाळीस, जीवनच्या रस्त्याला चोवीस.

"पाच पाच ठोकळ्यांवर लावलीत," मुबारकभाई कुरकुरले. "उद्या फांद्या एकमेकांत घुसतील."

इमाद हसला. बॅग भरून दारात उभा असताना म्हणाला, "अब्बा, रोज थोडा वेळ त्या घरात बसत जा. काही करू नका, नुसते बसा. मी येईपर्यंत झाडं मोठी होऊ देत."

मुबारकभाई बसू लागले. तिन्हीसांजेची मगरीबची नमाज झाली की कॉम्प्युटर लावायचा आणि रात्रीच्या ईशाच्या नमाजेची वेळ झाली की बंद करायचा. तेवढा वेळ ते ठोकळ्यांच्या घरात ठोकळ्यांच्या खुर्चीवर बसून राहायचे. आणि खरोखरच, घराजवळची नऊ झाडं महिन्याभरात मोठी झाली. दहाव्यापासून पुढे नुसत्या काड्या.

इथे त्यांच्या हातून एक चूक झाली. एका संध्याकाळी ते पाय मोकळे करायला म्हणून त्या रस्त्याने निघाले. दहावं रोप बघितलं. महिना होऊन गेला तरी त्यात जीव दिसेना. रोपवाटिकेत असं रोप ठेवत नाहीत, उपटून जागा मोकळी करतात. डोक्याला विचारायच्या आत हाताने ते काम केलं. दहावं, अकरावं, बारावं. सातवी काडी उपटली आणि मागून रुमाना ओरडली.

रुमाना त्यांची मुलगी, न्यू पनवेलला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. "अब्बा, काय करताय? मेलेली नाहीत ती! तुम्ही तिथे कधी बसतच नाही, मग वाढतील कशी?"

मुबारकभाई ओशाळले. सातही रोपं त्यांनी ठोकळ्यांच्या घरातल्या पेटीत टाकली. "लावतो नंतर," म्हणाले. नंतर ते राहूनच गेलं.

जुलैमध्ये बातमी आली. एडनच्या बाजूला समुद्री चाच्यांनी इमाद आणि जीवनचं जहाज पळवलं होतं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी होत्या. जहाज कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत मुबारकभाई आणि रुमाना दर सोमवारी जायचे. तिथला माणूस दर सोमवारी सांगायचा, "बोलणी चालू आहेत, धीर धरा." ऑगस्ट गेला, रमजान गेला, ईद गेली. जमिलाबींनी ईदला शीरखुर्मा केला आणि कुणालाच वाढला नाही. जिवंत आहेत की नाहीत, एवढंही कुणी सांगत नव्हतं.

मुबारकभाई रोज ठोकळ्यांच्या घरात बसत राहिले. पोराने सांगितलेलं एवढंच एक काम त्यांच्या हातात होतं.

नोव्हेंबरातली एक संध्याकाळ. त्या घराला गच्ची होती आणि गच्चीवरून जेटीपर्यंतचा सगळा रस्ता दिसायचा. मुबारकभाई वर चढले. नऊ झाडं, पुढे मोकळा रस्ता, पुढे बारीक काड्या आणि पार टोकाला समुद्र. जेटीच्या तोंडाशी एक हिरवा ठिपका होता.

त्यांनी चष्मा पुसला. ते झाड होतं. पूर्ण वाढलेलं.

त्या जागेजवळ ते कधीच गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोन झाडं होती. तिसऱ्या दिवशी तीन. पहिलं जेटीला लागून, दुसरं त्याच्या अलीकडे, तिसरं त्याच्याही अलीकडे. मधलं एकही सुटलं नव्हतं. किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या काड्या मात्र होत्या तशाच होत्या.

पाचव्या दिवशी त्यांनी रुमानाला बोलावलं. ती शास्त्रशुद्ध मुलगी. आधी हसली, मग तासभर खाटखुट करत बसली. घरात इंटरनेट नव्हतं, तेव्हा दुसरं कुणी बाहेरून येण्याचा प्रश्न नव्हता. खेळ शेवटचा कधीपर्यंत चालू होता याची वेळ तिने काढली. काल संध्याकाळी सात वीस. मुबारकभाईंनी बंद केला तीच वेळ.

"मग रात्रीतून वाढलं कसं?" ते म्हणाले.

"वाढूच शकत नाही. खेळ बंद असताना तिथे वेळच नसतो."

दुसऱ्या दिवशी मुबारकभाईंनी कॉम्प्युटरची वायर काढली, गुंडाळली आणि पिशवीत घालून रोपवाटिकेत नेली. दिवसभर ती मिरचीच्या रोपांशेजारी पडून होती. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी ती जोडली, खेळ उघडला, गच्चीवर गेले. सहावं झाड उभं होतं.

रुमानाने पडद्यावरची झाडं बोटाने दोनदा मोजली. मग हळूच म्हणाली, "अब्बा, अम्मीला सांगू नका. आशा लागेल तिला."

"आणि मला लागलीये, त्याचं काय?"

त्या दिवसापासून रुमानाही संध्याकाळी क्लासवरून लवकर यायला लागली.

रोज एक. कधी दोन नाहीत, कधी नागा नाही. झाड वाढायला जवळ कुणीतरी असावं लागतं, हे इमादनेच सांगितलेलं. मग जेटीवरून कुणीतरी निघालं होतं आणि रोज पाच ठोकळे चालत घराकडे येत होतं. हे वाक्य मुबारकभाईंनी मनातल्या मनातही पुरतं उच्चारलं नाही. दिवसभर ते कलमं बांधायचे, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायचे, आणि संध्याकाळी एक झाड बघून त्यांचा जीव भांड्यात पडायचा. त्या थंडीत ते बारीक झाले, पण जुलैपासून पहिल्यांदा त्यांना नीट झोप लागू लागली. रोज निजण्याआधी ते म्हणायचे, अल्लाह, आजच्या झाडाबद्दल शुक्र आहे.

बत्तीस झाडं झाली. तेहतिसाव्या संध्याकाळी नवं झाड नव्हतं.

चौतिसाव्याही नाही.

एरवी मुबारकभाई शांत माणूस, पण त्या आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाला हाकलून लावलं. घरात अन्न गोड लागेना. जमिलाबी विचारायच्या, "इमादचे अब्बा, काय झालंय तुम्हाला? कचेरीतून काही कळलं का?" ते मान हलवायचे. गच्चीवर उभे राहायचे, तर पलीकडे बत्तीस झाडं, अलीकडे नऊ, आणि मध्ये रिकामा रस्ता.

नवव्या दिवशी दुपारी रोपवाटिकेत ते मिरचीच्या वाफ्यात नांग्या भरत होते. मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागी नवं रोप लावायचं, हे तसं बिनडोक काम. एक लावलं, दुसरं लावलं, आणि तिसरं हातातच राहिलं.

सात रोपं. पेटीतली.

ते तसेच उठले. मातीच्या हातांनी रिक्षा केली आणि भर दुपारी घरी आले. कॉम्प्युटर लावला. पेटी उघडली. सातही रोपं होती तशीच होती. रस्त्यावर जाऊन त्यांनी ती लावली, जिथून उपटली होती बरोबर तिथेच, पाच पाच ठोकळ्यांवर. पेटीत इमादने ठेवलेला हाडांचा चुराही होता. तो त्यांनी हातात घेतला. एक चिमूट टाकली की झाड उभं राहिलं असतं. पण ते आपण वाढवलेलं झाड झालं असतं. मग येणारा येतोय की नाही, हे कळणार कसं? त्यांनी चुरा परत ठेवला, एका जागी थांबले नाहीत, सरळ घरात येऊन खेळ बंद केला.

कीबोर्डवर माती सांडली होती. ती त्यांनी रुमालाने पुसून काढली.

दुसऱ्या संध्याकाळी सोळावं झाड वाढलेलं होतं. बत्तिसांच्या अगदी अलीकडचं.

मुबारकभाई खुर्चीतच रडले. रुमानाने त्यांना पाणी दिलं आणि स्वतःही डोळे पुसले. मग पंधरावं, चौदावं, तेरावं. सातव्या दिवशी दहावं झाड वाढलं आणि रांग पूर्ण झाली. जेटीपासून दारापर्यंत अठ्ठेचाळीस झाडं.

त्याच्या दुसऱ्या सकाळी दहा वाजता रोपवाटिकेत फोन वाजला. रुमाना होती. तिला धड बोलता येत नव्हतं.

"अब्बा, सुटले. इमाद बोलला आत्ता माझ्याशी."

त्यांनी हातातला पाण्याचा पाइप खाली टाकला. हिरव्या जाळीमागे खताचं रिकामं पोतं अंथरलं आणि त्यावर शुक्राची, म्हणजे आभाराची, दोन रकात नमाज पढले. पाइपचं पाणी दाराबाहेर रस्त्यापर्यंत वाहत गेलं. एक गिऱ्हाईक आलं होतं, ते मुकाट्याने उभं राहिलं.

कचेरीतल्या माणसाने सांगितलं, डॉक्टर तपासतील, कागद होतील, तीन आठवडे तरी लागतील. मुबारकभाई जमिलाबींना म्हणाले, "नवव्या दिवशी येईल." कुठून कळलं म्हणून त्यांनी खूप विचारलं. दारापाशी नऊ झाडं आधीच वाढलेली होती आणि तेवढं चालायचं अजून बाकी होतं, हे त्यांना कसं सांगणार?

नवव्या दिवशी दुपारी इमाद दारात उभा राहिला. निम्मा उरला होता. जमिलाबींनी त्याला धरलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

जीवन मात्र परत आला नव्हता. मोऱ्याला त्याच्या आईला कचेरीने तसं कळवलं होतं.

जेवण झाल्यावर इमादने आपणहून सांगायला सुरुवात केली. आवाज एकसुरी होता.

"दोघांना एका कोठीत ठेवलं होतं. खिडकी नाही, दिवस-रात्र कळायची नाही. डोकं फिरायला लागलं माझं. मग जीवन म्हणाला, आपण घरी जाऊ. आपल्या खेळातल्या रस्त्याने. पण एकदम जायचं नाय, बोलला. रोज एक झाड. डोळे मिटून त्या झाडाजवळ उभं राहायचं, ते वाढलेलं बघायचं, मग दुसऱ्या दिवशी पुढचं."

रुमानाने बापाकडे बघितलं. मुबारकभाई खाली बघत होते.

"मी म्हटलं, तुझं घर जवळ आहे, आधी तुझ्याकडे जाऊ. तर म्हणाला, नाय, आधी तुला घरी सोडतो, मग मी माझ्या रस्त्याने जाईन." इमाद थांबला. "मध्ये मला ताप आला. नऊ दिवस. जीवन म्हणायचा, चल पुढे, आणि मी म्हणायचो, पुढे झाडच नाहीये रे, रस्ता तुटलाय. तो मला त्याच्या वाटणीचं पाणी पाजायचा. नऊ दिवस, अब्बा. मग एकदम मला पुढची झाडं दिसली आणि ताप उतरला. आणि त्याच दिवशी त्याला चढला. चौथ्या दिवशी गेला. आम्हीच त्याला समुद्रात सोडलं, माझ्या हाताने. जायच्या आधी पण हेच म्हणत होता. घाबरू नको, घरापर्यंत येतो मी."

जमिलाबी हमसून रडू लागल्या. मुबारकभाई उठून बाहेर ओट्यावर गेले. मेली समजून उपटलेली सात रोपं. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आजतागायत नाही.

दुसऱ्या दिवशी मगरीबनंतर त्यांनी कॉम्प्युटर लावला. इमाद शेजारी येऊन बसला. झाडांची रांग बघून त्याने खुर्ची पुढे ओढली. दोघं गच्चीवर चढले.

किनाऱ्याच्या रस्त्याला, जेटीला लागून, एक झाड वाढलेलं होतं.

"मी तिकडे गेलो नाहीये," इमाद म्हणाला.

"मला माहीत आहे."

इमादने त्यानंतर त्या खेळाकडे बघितलं नाही. मुबारकभाई मात्र रोज बसत राहिले. दोन झाडं, तीन, चार. त्यांना भीती वाटली का? वाटली. पण भीतीपेक्षा दुसरं काहीतरी मोठं होतं. त्यांच्या पोराला कुणीतरी दारापर्यंत सोडायला आलं होतं आणि आता एकटंच परत चाललं होतं. अशा माणसाला अर्ध्या वाटेपर्यंत तरी सोबत करावी. ते जवळ गेले नाहीत, गेले तर झाडं त्यांच्यामुळे वाढली असती. लांबूनच बघायचे आणि म्हणायचे, "बेटा, संभाळून जा."

बाराव्या दिवशी ठरलं, मोऱ्याला जायचं. तेराव्या सकाळी निघण्याआधी मुबारकभाईंनी पाच मिनिटं खेळ उघडला. तेरावं झाड उभं होतं. त्यांनी खेळ बंद केला आणि सोनचाफ्याचं एक चांगलं कलम पिशवीत घेतलं.

उरणची एसटी, पुढे रिक्षा. ओहोटी होती. जेटीखाली चिखल उघडा पडला होता आणि होड्या एका अंगावर कलल्या होत्या. जीवनची आई सोनाबाई दाराशी बोंबील वाळत घालत होती. इमादला बघून ती उठली. मासळीचा हात पदराला पुसून तिने तो त्याच्या तोंडावरून फिरवला, डोळ्यांवरून, कपाळावरून.

"किती वाळलास रं पोरा. बस. च्या करते."

घरात जीवनच्या फोटोला हार होता. बारावं-तेरावं सगळं झालं होतं, देहाशिवाय. चहा चार चमचे साखरेचा होता. इमादने तो संपवला.

मुबारकभाईंनी बोलायचं म्हणून पुष्कळ ठरवलं होतं. प्रत्यक्षात हात जोडले आणि म्हणाले, "ताई, माझा मुलगा तुमच्या मुलामुळे घरी आला. हे ऋण आहे. जन्मभर आहे. मी काय बोलू?"

"नको भाऊ, हात नको जोडू." सोनाबाईचा आवाज शांत होता. "तो लहानपणापासून असाच. कोनाला येकटं जाऊ द्यायाचा नाय. आमी किती मारला त्याला त्यापायी."

ती हसली. मुबारकभाईंच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. त्यांनी स्वतःच्या हाताने दाराच्या उजव्या अंगाला खड्डा केला आणि सोनचाफा लावला. जवळ माणूस असला की हे चांगलं होतं, म्हणाले. "माणूस हाय की," सोनाबाई म्हणाली.

निघताना ती त्यांना सोडायला वळणापर्यंत आली. घरात ही रीतच असावी. समोर जेटी, उजवीकडे किनारा. लाँचचा भोंगा वाजला. सोनाबाई समुद्राकडे बघत होती.

"भाऊ," ती म्हणाली, "अजून किती झाडं रायलीत त्याची?"

मुबारकभाईंनी इमादकडे बघितलं. त्याने नकारार्थी मान हलवली. त्याने काही सांगितलं नव्हतं. कुणीच काही सांगितलं नव्हतं.

वारा सुटला होता. सोनाबाई उत्तराची वाट बघत उभी होती.

"अकरा," मुबारकभाई म्हणाले.

तिने समाधानाने मान हलवली.

"बरोबर. काल बारा बोलला."